स्वच्छ जाळी

१

जाळी तुटली नव्हती, कुणी कापलीही नव्हती. नव्या मजल्याच्या दर्शनी बाजूला, मधल्या दोन खांबांच्या गाळ्यात, ती एका कडेला सारून नीट घडी घालून ठेवलेली होती, खिडकीचा पडदा आवरून ठेवावा तशी. पडणाऱ्या माणसाला झेलायला जिथे ती ताणलेली असायला हवी होती तिथे नुसती हवा होती, आणि त्या हवेतून काल दुपारी एक सुतार खाली गेला होता.

दोन मजले खाली एक रुंद बाल्कनी पुढे आलेली होती. तिच्यावर आपटला म्हणून जिवानिशी वाचला. कमरेचं हाड मोडलं होतं. पाय पुन्हा हलतील की नाही, याबद्दल डॉक्टर अजून काही बोलत नव्हते.

सेफ्टीबाई कडेपासून हातभर आत उभ्या राहून त्या घडीकडे पाहत होत्या. साइटवर लहानथोर सगळे त्यांना याच नावाने ओळखत. अंगाने किरकोळ, आवाजाने दांडग्या, हेल्मेटखाली अर्धे पिकलेले केस. उभी हयात त्यांनी एकाच वादात घालवली होती. इंजिनिअर म्हणायचे, 'सुरक्षेचे नियम पाळत बसलो तर इमारत कधी उभी राहायची?' बाई म्हणायच्या, 'माणूस निर्धास्त असला की त्याचे हात भरभर चालतात. करून तर बघा.' कुणी करून बघत नसे. या साइटवर मात्र पहिल्यांदा त्यांचं ऐकलं गेलं. चारी बाजूंना जाळ्या लागल्या, आणि खरोखरच मजले पूर्वीपेक्षा झपाट्याने चढू लागले. कंपनीत बोलबाला झाला. दुसऱ्या साइटवरचे साहेबलोक येऊन बघून गेले.

काल सुतार पडला तेव्हा बाई कंपनीच्या मुख्य कचेरीत, भरल्या सभागृहात, व्यासपीठावरून हेच सांगत होत्या. शेजारी पडद्यावर चित्रं दाखवायला धाकटा होता. धाकटा म्हणजे साइटवरचा नियोजनाचा इंजिनिअर. नोकरीला लागला तेव्हा बाईंच्या हाताखाली शिकला, चारचौघांत त्यांना मॅडम आणि एरवी ताई म्हणायचा. 'बाईंचा धाकटा भाऊ' म्हणता म्हणता साइटवर त्याचं नावच धाकटा पडलं होतं.

"पट्टा होता त्याच्या कमरेला," मागून आवाज आला. प्रकल्पाचे प्रमुख, मोठे साहेब, धापा टाकत जिना चढून आले होते. "पण हुक अडकवलेला नव्हता."

"एका कडीतून काढून दुसऱ्या कडीत घालत होता तेव्हा पडला," बाई म्हणाल्या. "बरोबरच्यांनी बघितलंय. तो मधला क्षण मोकळाच असतो, साहेब. त्या क्षणासाठी तर जाळी आहे."

"जाळी त्यानेच सोडली असणार. खालून एखादी फळी ओढून घ्यायला. या लोकांचा काही नेम नाही. उद्या दुपारी सरकारी निरीक्षक येतायत, त्यांना हेच सांगू."

"त्याने सोडली असेल तर हेच सांगू."

"आणि नसेल तर?"

बाई घडीपाशी खाली बसल्या. घाईत फळी ओढणारा माणूस जाळीची घडी कशाला घालत बसेल? त्यांनी घडीवरून हात फिरवला. शेजारच्या गाळ्यांतल्या जाळ्यांत लाकडाचे तुकडे, वाकडे खिळे, सिमेंटचे वाळलेले गोळे अडकले होते. जाळी म्हटली की हे सगळं तिच्यात येऊन पडणारच. ही जाळी मात्र दुकानातून आजच आणल्यासारखी स्वच्छ होती.

निदान एक तरी जाळी कुणी झाडून ठेवत होतं, असं क्षणभर त्यांच्या मनात आलं. मग त्यांचा हात थांबला. साइटवर जाळ्या कुणी झाडत नाही. ही झाडली गेली होती, ती पुन्हा पुन्हा सोडून गुंडाळल्यामुळे.

२

जाळ्या बांधायच्या आणि सोडायच्या त्या एकाच टोळीने, आणि त्या टोळीचा मुकादम गोदामाच्या सावलीत दोरखंडाच्या वेटोळ्यावर बसला होता. डोळे सुजलेले होते.

बाई तिकडे निघाल्या तेव्हा धाकटा पाण्याची बाटली घेऊन मागे धावत आला. "ताई, सकाळपासून पाण्याचा घोट नाही घेतलात. मुकादमाशी मी बोलू का? माझ्याशी मोकळा बोलतो तो."

"नको रे. माझं मी बघते."

"मग मी येऊ बरोबर?"

"तू निरीक्षकांसाठी आराखडे काढून ठेव." बाईंना त्याची दया आली. कालपासून पोराचा चेहरा पांढराफटक पडला होता.

मुकादम उठून उभा राहिला, पण नमस्कार केला नाही.

"जाळी कुणी सोडली?" बाईंनी विचारलं.

त्याने त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "बाई, तुम्ही मला विचारताय?"

"मग कुणाला विचारू?"

"विचारा. विचारावं तर लागणारच तुम्हाला." त्याच्या आवाजात काहीतरी कडू होतं. "सुताराने नाही सोडली, एवढं ध्यानात ठेवा. तो बिचारा वर चढला तेव्हा ती सुटलेलीच होती. त्याच्या बायकोच्या तोंडावर मी खोटं बोलणार नाही."

"म्हणजे तुम्ही सोडलीत."

"माझ्या हाताने सुटली. माझ्या मनाने नाही."

"कुणाच्या सांगण्यावरून?"

मुकादम पुन्हा दोरखंडावर बसला. "बाई, मी अडाणी असेन, पण खुळा नाही. ज्याला वाचवायचं असेल त्याला वाचवा. मला बुडवायचं असेल तर बुडवा. पण हा खेळ नका करू माझ्याशी."

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. एवढ्या वर्षांत साइटवरच्या कुणी त्यांच्याशी असं बोललं नव्हतं. त्या तडक वळून चालू लागल्या. राग जरा निवल्यावर त्यांना जाणवलं, तो उर्मटपणा नव्हता. मुकादमाने त्यांच्याकडे पाहिलं होतं ते फसवणाऱ्या माणसाकडे पाहावं तसं.

३

क्रेन चालवणारा दुसऱ्याच कंपनीचा भाड्याचा माणूस. जेवायला खाली उतरला होता.

"मी वर खोक्यात बसतो, बाई. वॉकीटॉकीवर सांगतील तसं उचलतो, सांगतील तिथे ठेवतो."

"काल टेबलं कुठून उचललीस?"

टेबल म्हणजे शटरिंगचा तयार सांगाडा, पायांवर उभा, खोलीएवढा. त्याच्यावर काँक्रीट ओतून मजला तयार झाला की सांगाडा खालून ओढून काढायचा आणि क्रेनने वरच्या मजल्यावर चढवायचा. रोज सकाळी थोडी थोडी टेबलं अशी वर जात. काढायची कुठून, हे बाईंनी स्वतः ठरवून दिलं होतं. इमारतीच्या मागच्या अंगाला एक गाळा जाळीविना ठेवला होता, त्याला पक्कं कुंपण होतं, आणि त्याच्यावर कुणी काम करायचं नाही असा दंडक होता. टेबलं चाकांवर ढकलत तिथवर न्यायची आणि तिथूनच उचलायची.

"नेहमीसारखी उचलली," क्रेनवाला म्हणाला.

"म्हणजे मागून?"

त्याने घास सावकाश चावला. "काल वारा सुटला होता. अर्धी टेबलं झाली आणि काम थांबवावं लागलं."

बाईंनी विचारलेल्या प्रश्नाचं हे उत्तर नव्हतं. पण तेवढ्यात शटरिंगचा ठेकेदार येऊन टेकला. गोलमटोल, कायम हसरा माणूस. आज हसू जरा ओढून आणलेलं होतं.

"तुमचा जाळ्यांना विरोध होता, आठवतंय ना?" बाई म्हणाल्या.

"होता की. पण तो आधी. नंतर तर मी तुमच्या नावाने दिवा लावायचाच तेवढा बाकी ठेवलाय. पूर्वी टेबलं हलवण्यात अर्धा दिवस खलास व्हायचा. आता चहा गार होत नाही तोवर सगळी वर." त्याने एक डोळा बारीक केला. "तुमचीच कृपा, बाई. आम्ही कुठे बोलतो?"

"अर्धा दिवस कशात जायचा?"

"ढकलण्यात. पार मागच्या तोंडापर्यंत..." ठेकेदार थबकला. बाईंच्या चेहऱ्याकडे त्याने नीट पाहिलं, आणि आपल्याला गोदामात काम आहे हे त्याला एकाएकी आठवलं.

बाई काल टेबलं काढली त्या मजल्यावर गेल्या. मागच्या तोंडाशी विटांची चळत भिंतीसारखी लागली होती. तिथून टेबल काय, माणूसही आडवा होऊनच गेला असता. जमिनीवर मात्र चाकांचे चरे उमटले होते, आणि ते सगळे दर्शनी बाजूला, स्वच्छ जाळीच्या गाळ्याकडे जात होते. त्या एक मजला उतरल्या. तिथेही तेच. आणखी एक उतरल्या. तेच. गुडघे दुखेपर्यंत उतरत राहिल्या आणि एका मजल्यावर थांबल्या. इथे चरे मागे वळत होते. त्याच्या खालच्या प्रत्येक मजल्यावर मागे, वरच्या प्रत्येक मजल्यावर पुढे.

हा मजला कधी झाला ते आठवायला त्यांना वेळ लागला नाही. नवऱ्याच्या हृदयाचं ऑपरेशन होतं. सबंध नोकरीत घेतलेली ती त्यांची एकच मोठी रजा.

४

"तो येऊन गेला दुपारी," संध्याकाळी बाई घरात शिरल्या शिरल्या नवरा म्हणाला.

कोण, ते विचारायची गरज नव्हती. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात पाळीपाळीने उशाशी बसणारा धाकटाच होता. आठवड्यातून एकदा तरी तो यायचा, पोटभर जेवायचा, भाऊजींशी बुद्धिबळाचा डाव मांडायचा आणि हरला की वाद घालायचा.

"आज पट मांडला तरी प्यादं उचलेना. मला म्हणतो, भाऊजी, ताईंना माझा कधी राग आला तर माझ्यासाठी दोन शब्द टाकाल ना? मी म्हटलं, वेडा का तू? तुझ्यावर रागवायचं तर तिला आधी घरातलं एक ताट कमी करावं लागेल."

"घाबरलाय पोर," बाई म्हणाल्या. "पहिलाच अपघात बघतोय."

हातपाय धुऊन त्या फोन घेऊन बसल्या. कालपासून न घेतलेल्या फोनांची रांग लागली होती. सकाळी सभागृहात शिरताना त्यांनी फोन बंद केला होता, आणि सभा दिवसभर चालली होती. नंतर तो सुरू केला तेव्हा अपघाताचे फोन एकावर एक येऊन आदळले, आणि त्या गर्दीत मुकादमाचंही नाव होतं. त्यालाही हेच कळवायचं असणार, असं त्यांनी धरलं होतं.

आता त्यांनी वेळ पाहिली. मुकादमाचा फोन सकाळचा होता. त्या व्यासपीठावर जाऊन फार वेळ झाला नव्हता तेव्हाचा. सुतार पडला जेवणाच्या सुट्टीनंतर.

मुकादमाने याआधी कधीही त्यांना फोन केला नव्हता. आणि त्याच सुमाराला, व्यासपीठावर त्यांच्या शेजारी, धाकट्याचा फोन टेबलावर सारखा थरथरत होता. त्याने दोनदा उठायचा प्रयत्न केला होता. बाईंनी त्याच्याकडे डोळे वटारले होते आणि पुटपुटल्या होत्या, 'बंद कर तो.' त्याने तो बंद केला होता.

"चहा टाकू का?" नवऱ्याने विचारलं.

बाई फोनवरची ती वेळ पुन्हा पाहत होत्या.

५

सकाळी साइटवर आल्यावर त्या वर गेल्या नाहीत. फाटकाजवळ पत्र्याची एक लांबट खोली होती. तिथे त्या रोज सकाळी तासभर कामगारांना शिकवत. पट्टा कसा बांधायचा, शिडी कशी लावायची, जाळीवर किती भरवसा ठेवायचा. रिकाम्या बाकावर बसून त्यांनी डोक्यातली एकेक गोष्ट दुसरीशेजारी ठेवली.

दर्शनी जाळी रोज सकाळी सुटत होती, कारण टेबलं तिथून सरळ बाहेर काढली की अर्ध्या दिवसाचं काम तासाभरात होतं. ती सोडत होता मुकादम आणि टेबलं उचलत होता क्रेनवाला. दोघे वेगवेगळ्या मालकांचे नोकर, एकमेकांशी धड बोलतही नसत. दोघांना एका वेळी हुकूम देऊ शकणारी माणसं साइटवर दोनच: मोठे साहेब, आणि रोज कुठलं टेबल कुठून उचलायचं ते ठरवणारा धाकटा.

परवा वारा सुटून काम अर्धवट राहिलं. जाळी पुन्हा बांधायची की वारा पडेपर्यंत उघडी ठेवायची, हे मुकादमाला कुणाला तरी विचारायचं होतं. मोठे साहेब दिवसभर साइटवर होते. हुकूम त्यांचा असता तर मुकादम दहा पावलं चालत गेला असता. तो फोन करत होता. म्हणजे ज्याला विचारायचं तो माणूस साइटवर नव्हता.

परवा साइटवर नव्हती अशी माणसंही दोनच. एक त्या स्वतः.

मग त्यांना ही खोली कधी सुरू झाली ते आठवलं. त्या रजेवरून परत आल्या त्याच आठवड्यात. 'ताई, तुमच्याजवळ जे आहे ते सगळ्यांना मिळायला हवं,' धाकटा म्हणाला होता. 'रोज सकाळी तासभर तुम्ही वर्ग घ्या. मोठ्या साहेबांकडून मी मंजूर करून घेतो.' त्याने स्वतः बाक आणवले होते, फळा लावला होता. बाईंना भरून आलं होतं. घरी जाऊन त्यांनी नवऱ्याला सांगितलं होतं, माझी कदर करणारा एक तरी माणूस भेटला.

टेबलं वर जात ती याच तासात.

त्यांनी मुकादमाला बोलावून घेतलं. "तुम्हाला वाटत होतं, मला सगळं ठाऊक आहे."

मुकादमाने मान वर केली. "म्हणजे नव्हतं?"

"तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"धाकटे साहेब म्हणाले, बाईंशी बोलणं झालंय. फक्त त्यांच्यासमोर विषय काढू नका, त्यांना अवघड होतं." मुकादमाचा आवाज खाली आला. "त्यांचा फोन लागेना म्हणून तुम्हाला लावला. टेबलं अर्धवट राहिली तर 'माझा फोन आल्याशिवाय जाळी बांधायची नाही', असा त्यांचा हुकूम होता. मग वारा पडला, सुतार वर गेले, आणि मी फोनची वाट बघत बसलो."

६

धाकटा आत आला आणि बाईंकडे बघताच दारातच थांबला.

"बस," बाई म्हणाल्या.

तो बाकावर बसला, शिकायला आलेल्या कामगारासारखा. "मी सांगणारच होतो, ताई."

"कधी?"

तो बोलू लागला आणि मग थांबेना. "तुम्ही रजेवर होता तेव्हा मोठ्या साहेबांनी मला बोलावलं. म्हणाले, जाळ्यांमुळे काम रेंगाळतंय. पुढच्या मजल्याला वेग दाखव, नाहीतर सगळ्या जाळ्या उतरव, तुझ्या बाई परत यायच्या आत. तुम्ही दवाखान्यात, भाऊजी ऑपरेशनच्या टेबलावर. तुम्हाला काय सांगणार होतो? मी एक जाळी सकाळची तासभर सोडली. एकच. बाकीच्या सगळ्या वाचल्या. वेग वाढला, कंपनी तुमचं म्हणणं मानायला लागली. दुसऱ्या साइटवर जाळ्या लागल्या त्या यामुळे. ताई, सगळं तुमचं म्हणणं खरं ठरावं म्हणून केलं."

"ते खरं होतं की नाही, हे मला आता कधीच कळायचं नाही," बाई म्हणाल्या. "तू ते तपासूच दिलं नाहीस."

"एक जाळी, ताई. तासभर."

"माणसं जिथे काम करतात तिथेच पडतात. ज्या बाजूला कुणी जात नाही तिथल्या जाळ्या वाचवल्यास तू."

तो ओक्साबोक्शी रडू लागला. बाईंचा हात सवयीने पुढे झाला आणि अर्ध्यावर थांबला. जाळीचं एक वेळ समजू शकलं असतं. या खोलीचं समजत नव्हतं. कित्येकदा सकाळी पहिल्या बाकावर बसून तो त्यांच्याकडे कौतुकाने बघायचा. त्या निघायला लागल्या की एखादी शंका काढून आणखी थांबवायचा.

"वर्गाची कल्पना मला वर जाऊ न देण्यासाठी होती?"

धाकट्याने डोळे पुसले. "सुरुवातीला," तो म्हणाला. "नंतर मला खरंच आवडायला लागला."

"निरीक्षक आल्यावर मी सगळं सांगणार आहे. त्याच्या आधी तू सांगितलंस तर तुझ्या दृष्टीने बरं."

त्याने मान हलवली. सांगतो म्हणाला.

दुपारी मोठ्या साहेबांच्या खोलीत सगळे जमले. निरीक्षक मध्यम वयाचे, मोजकं बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी सुरुवात धाकट्यापासून केली. धाकट्याने एकदा मोठ्या साहेबांकडे पाहिलं. ते खिडकीबाहेर बघत होते.

"जाळी सोडायचं मी ठरवलं," तो म्हणाला. आणि मग, बाईंकडे न बघता, "पण मॅडमना कल्पना होती. त्यांच्या संमतीशिवाय मी सुरक्षेच्या गोष्टीला हात लावत नाही."

७

बाईंना आधी वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. मग वाटलं, आता बोलून उपयोग नाही. कारण निरीक्षकांनी क्रेनवाल्याला विचारलं, आणि तो प्रामाणिकपणे म्हणाला, "हो साहेब, बाईंना ठाऊक आहे असंच आम्हाला माहीत होतं." ठेकेदाराने खाली बघत मान डोलावली. ते दोघे खोटं बोलत नव्हते. धाकट्याने त्यांची समजूतच तशी करून ठेवली होती.

"तुम्हाला काही म्हणायचंय?" निरीक्षकांनी बाईंना विचारलं.

"एकच," बाई म्हणाल्या. स्वतःचा आवाज त्यांना परका वाटला. "टेबलं वर गेली की जाळी पुन्हा कधी बांधायचे, ते मुकादमांना विचारा."

मुकादम उठला. "लगेच, साहेब. चहाही घ्यायचा नाही. बाईंचा वर्ग सुटून त्या वर यायच्या आत बांधून झालीच पाहिजे, असं धाकट्या साहेबांचं सांगणं होतं. एकदा उशीर झाला तर ते स्वतः धावत खाली गेले आणि बाईंना बोलण्यात गुंतवलं."

निरीक्षकांनी धाकट्याकडे मान वळवली. "बाईंची संमती होती, तर बाईंना दिसू नये म्हणून एवढी धावपळ कशासाठी?"

मोठ्या साहेबांनी घसा खाकरला, पण निरीक्षकांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"नव्हतं माहीत," शेवटी धाकटा म्हणाला. "त्यांना काही माहीत नव्हतं."

"आणि वेग वाढव नाहीतर जाळ्या काढ, असं तुला कोण म्हणालं होतं?" बाईंनी विचारलं. त्याने मोठ्या साहेबांचं नाव घेतलं. साहेब म्हणाले, मी वेग मागितला होता, तो कसा आणला ते विचारलं नाही. निरीक्षक म्हणाले, तेच तुम्ही लेखी द्या.

त्याच संध्याकाळी काम बंद पडलं. बाईंनी मुख्य कचेरीला कळवलं की त्यांनी व्यासपीठावरून सांगितलेला वेग खोटा आहे, त्याच्या भरवशावर कुणी काही ठरवू नये. पलीकडचा अधिकारी म्हणाला, 'तुमची यात चूक नाही, मग हे जाहीर कशाला करता?' बाई म्हणाल्या, 'दुसऱ्या साइटवाले तो वेग गाठायला जातील आणि त्यांनाही कुठली तरी जाळी सोडावी लागेल.'

मग त्या दवाखान्यात गेल्या. सुतार शुद्धीवर होता, उताणा, कमरेखाली वजनं लावलेली. बायको उशाशी बसली होती. तिने बाईंसाठी स्टूल पुढे ओढलं.

"बाई, जाळी होती ना?" त्याने पहिलं हेच विचारलं. "सगळे म्हणतात, मी सोडली. मी खाली बघितलंच नाही. आहेच म्हणून धरून चाललो."

"नव्हती," बाई म्हणाल्या. "रोज सकाळी सोडायचे. परवा बांधायची राहिली. तुझा काही दोष नाही, निरीक्षकांनी तसं नोंदवलंय."

"कुणी सोडायला लावली?"

बाईंनी सांगितलं. नवराबायकोने एकमेकांकडे पाहिलं. त्यांना ते पटत नव्हतं.

"धाकट्या साहेबांनी?" सुतार म्हणाला. "मागं माझ्या हेल्मेटला तडा गेला होता, तर त्यांनी डोक्यावरचं काढून मला दिलं. नवीन येईपर्यंत स्वतः वर चढले नाहीत. चांगला माणूस आहे, बाई."

"हो," बाई म्हणाल्या. "माझ्या घरी जेवायचा तो."

बायकोने नवऱ्याच्या कपाळावरचा घाम पुसला आणि बाईंकडे वळली. "आणि तुम्हाला एवढे दिवस कळलं नाही?"

तिने ते रागाने विचारलं नव्हतं, नुसतं विचारलं होतं. खरं तेच सांगायचं होतं, आणि ते सांगायला त्यांना सगळ्यात जास्त बळ लागलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तो माझ्याकडे लक्ष देऊन ऐकतोय, यातच मी खूश होते."